शंभर मीटरची तयारी: शाळकरी मुलांचा वेग कुठल्या क्रमाने वाढवायचा

तालुका स्पर्धेचं पत्रक शाळेत येतं आणि ग्राउंडवर घाई सुरू होते. सकाळी मैदानाला आठ-दहा फेऱ्या, मग थकलेल्या पोरांना ओळीत उभं करून शंभर मीटर, तेही पाच-सहा वेळा, मध्ये शिट्टीपुरती उसंत. महिनाभराने वेळ मोजली की आकडा जिथल्या तिथे. मग ठरतं, 'याच्यात स्पीडच नाही.' खरं म्हणजे त्या महिन्यात त्या मुलाने एकदाही पूर्ण वेगाने पळून पाहिलेलं नसतं. दमलेले पाय सावकाश पळतात आणि रोज सावकाश पळून शरीर तेच शिकतं.

वेगाचा सराव ताज्या पायांनी, थोडा आणि पूर्ण विश्रांती घेऊन करायचा असतो. एवढी एक गोष्ट पाळली तरी निम्मी कामं सुधारतात. उरलेली निम्मी क्रमामुळे बिघडतात: पळण्याची ढब बसायच्या आधी ब्लॉक (सुटताना पाय टेकवायचा तिरका आधार) हातात येतो, ब्लॉकमधून नीट निघता येत नसताना शर्यत लावली जाते आणि शर्यतीत मागे पडलेलं मूल पुढच्या आठवड्यात ग्राउंडवर येत नाही.

पुढचा क्रम १२ ते १७ वयाच्या मुलामुलींसाठी आहे, म्हणजे शालेय स्पर्धेतल्या १४ आणि १७ वर्षांखालच्या गटांसाठी. हाताशी साधारण दहा आठवडे हवेत. आत्मविश्वासाचा वेगळा तास ठेवलेला नाही. तो प्रत्येक टप्प्यातच घडतो किंवा मोडतो, त्यामुळे जिथल्या तिथे लिहिला आहे.

## १. आधी मैदान, मग मूल

सरळ ५० मीटरचा पट्टा आणि त्यापुढे थांबायला किमान २० मीटर मोकळी जागा लागते. ही दुसरी जागा बहुतेक जण विसरतात. शेवटच्या रेषेमागे लगेच कंपाउंडची भिंत असेल, तर मूल शेवटचे सात-आठ मीटर ब्रेक मारतच पळतं. त्याचा दोष नाही, भिंत दिसतेय. अशा मैदानावर पट्टा तिरका आखा, कोपऱ्यातून कोपऱ्यात.

पट्ट्यावरून एकदा चालत जा. खडे, काचा, पावसाने उघडी पडलेली मुरमाची टोकं, गवतात लपलेले खड्डे बघा. पावसाळ्यात गवत ओलं असेल तर त्या दिवशी पूर्ण वेग नाही. हॉलमध्ये किंवा पटांगणातल्या कोरड्या भागात ढब आणि ताकदीचं काम करा.

बुटांचा फार विचार करू नका. पायात नीट बसणारे, हलके, तळवा वाकणारे बूट पुरेत. अनवाणी पळायची सवय असलेल्या मुलाला स्वच्छ मातीवर अनवाणी पळू द्यायला हरकत नाही, पण दुपारचा सिंथेटिक ट्रॅक तळपाय भाजून काढतो. स्पाइक्सची (तळव्याला खिळे असलेल्या बुटांची) गरज पहिल्या सहा आठवड्यांत कुणालाच नसते.

आता मूल. पळताना छातीत दुखणं, चक्कर किंवा शुद्ध हरपणं असं कधी झालं आहे का, दमा आहे का, घरात कुणी तरुणपणी अचानक हृदयाने गेलं आहे का, हे पालकांना विचारा. एकाही प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं, तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सराव सुरू करू नका.

उंची भिंतीवर खूण करून मोजा आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. मुलींची उंची सरासरी १२व्या वर्षाच्या आसपास आणि मुलांची १४व्या वर्षाच्या आसपास सगळ्यात झपाट्याने वाढते. तीन महिन्यांत २ सेंटीमीटर किंवा जास्त वाढ दिसली, तर मूल त्या टप्प्यात आहे असं समजा. या काळात हातपाय लांबतात, ताबा सुटतो, कालपर्यंत सहज पळणारं मूल धसमुसळं दिसू लागतं, कधी वेळही घसरते. मुलाला हे आधीच सांगून ठेवा. कारण माहीत असलेलं मूल कच खात नाही. नसलं की 'मला आता जमत नाही' असं म्हणत सुटतं.

सावधान: वाढीच्या वयात गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडावर किंवा टाचेच्या मागे दुखत असेल, तर उड्या आणि चढावरचं पळणं लगेच कमी करा. मूल लंगडत असेल तर सराव बंद आणि डॉक्टर. 'थोडं सहन कर' हे वाक्य इथे वापरू नका.

## २. पहिली मोजणी आणि वही

पहिल्या आठवड्यात शंभर मीटरची वेळ घेऊ नका. त्यात स्टार्ट, वेग, दम आणि भीती हे सगळं एकत्र येतं आणि नेमकं काय कच्चं आहे ते कळत नाही. दोन मोजण्या पुरेत:

- उभ्याने सुरुवात करून ३० मीटर.
- २० मीटर धावत येऊन पुढच्या २० मीटरची वेळ, म्हणजे 'फ्लाइंग २०'.

प्रत्येकी तीन वेळा पळवा, मध्ये चार-पाच मिनिटं विश्रांती, सर्वांत चांगली वेळ लिहा. नेहमी एकाच दिशेने पळवा, कारण वारा पाठीवर आणि तोंडावर असण्याने आकडा बदलतो.

स्टॉपवॉच हाताने दाबताना ०.२ सेकंदाची चूक सहज होते आणि ३० मीटरमध्ये महिनाभराची सुधारणाच तेवढी असते. म्हणून फोन वापरा. बऱ्याच फोनमध्ये सेकंदाला १२० किंवा २४० फ्रेम घेणारा स्लो मोशन असतो. फोन पट्ट्यापासून बाजूला, दोन्ही खुणा दिसतील असा काठीला किंवा बाकाला टेकवा आणि दर वेळी त्याच जागी ठेवा. मागचा पाय जमिनीवरून सुटतो ती फ्रेम सुरुवात, छाती खुणेशी येते ती शेवट. मधल्या फ्रेम मोजा आणि सेकंदाच्या फ्रेमसंख्येने (१२० किंवा २४०) भागा. हे काम मुलांनाच द्या, त्यांना ते फार आवडतं.

प्रत्येक मुलाची स्वतःची वही असावी. तारीख, मैदान कोरडं की ओलं, तीन धावांच्या वेळा, आणि आज कुठली गोष्ट जमली याची एक ओळ. वही दुसऱ्याला दाखवायची सक्ती नाही आणि वेळांचा तक्ता फळ्यावर लावायचा नाही. १४ वर्षांखालच्या गटात मिसरूड फुटलेला मुलगा आणि अजून वाढ सुरू न झालेला मुलगा शेजारी शेजारी पळतात. त्यांची तुलना करून त्यांच्या वेगाबद्दल काहीच कळत नाही, आणि लहानखुऱ्या मुलाचं अवसान मात्र गळतं.

सुधारणा मुलाला मीटरमध्ये सांगा. १४ सेकंदांत शंभर मीटर पळणारं मूल सेकंदाला साधारण ७ मीटर जातं, म्हणजे ०.१ सेकंद सुधारणा ही जवळपास ७० सेंटीमीटर झाली. जमिनीवर फक्कीने तेवढं अंतर आखून दाखवा. आकड्याने न हललेला चेहरा त्या रेषेकडे बघून उजळतो.

तपासून पाहा: हाताने घेतलेली वेळ आणि फोटो फिनिशची, म्हणजे रेषेवरच्या कॅमेऱ्याने घेतलेली, वेळ एकच नसते. १०० आणि २०० मीटरसाठी हा फरक ०.२४ सेकंद धरतात. गावच्या मैदानावर हाताने १३.९ आलेली मुलगी पुण्यात बालेवाडीच्या ट्रॅकवर कॅमेऱ्याने १४.१४ पळाली, तर ती मागे पडलेली नाही. हे तिला स्पर्धेच्या आधी सांगायचं. नंतर सांगितलं की ती समजूत काढल्यासारखं वाटतं.

## ३. वॉर्मअप: वीस मिनिटं, चकरा नाहीत

क्रम असा:

1. तीन-चार मिनिटं हलकं धावणं, बोलता येईल इतपत.
2. हालचालीतलं ताणणं: पाय पुढे-मागे आणि आडवे झुलवणं, पुढे मोठी पावलं टाकत खाली बसणं, घोटे फिरवणं.
3. ढबीचे ड्रिल, पुढच्या टप्प्यातले, प्रत्येकी १५ ते २० मीटर.
4. ४० मीटरच्या तीन-चार चढत्या धावा: पहिली साठ टक्के जोराने, शेवटची नव्वद.

जागेवर बसून पाय धरून मिनिटभर ताणत राहणं वेगाच्या कामाआधी नको. त्याने स्नायूंचा जोर काही वेळ कमी होतो. ते सराव संपल्यावर करा.

सगळ्यात जास्त वगळली जाते ती चौथी पायरी. मांडीच्या मागचा स्नायू, हॅमस्ट्रिंग, बहुतेकदा पूर्ण वेगातच फाटतो. साठ-सत्तर टक्क्यांवरून थेट शंभरवर गेलेलं मूल पहिल्याच धावेत मांडी धरून बसतं आणि दोन-तीन आठवडे हातचे जातात.

## ४. पळण्याची ढब

दोन आठवडे, प्रत्येक सरावाची पहिली पंधरा मिनिटं. तीनच ड्रिल घ्या, पण नीट.

गुडघा उचलत चालणं. मांडी जमिनीला समांतर, पायाचा पंजा वर ओढलेला, टाच मांडीच्या मागच्या बाजूखाली. पाय खाली येतो तो कंबरेच्या बरोबर खाली, चवड्यावर. उभा पाय ताठ.

तेच उडी घेत. ताल बसला की आवाज बदलतो. धप्प धप्प असा आवाज असेल तर मूल टाचेवर पडतंय. टक् टक् आला की समजा चवडा लागतोय. डोळे मिटून ऐका, चूक कुणाची ते लगेच कळतं.

लंगडी. वीस मीटर एका पायावर, परत दुसऱ्यावर. घोटा आणि पोटरी तयार करायला याहून सोपं काही नाही आणि मुलांना ती खेळ वाटते. दोन्ही पायांत फार फरक दिसला तर कमजोर पायाने आधी सुरुवात करा.

हातांकडे बघा. कोपर साधारण काटकोनात, हात गालाच्या उंचीपर्यंत पुढे आणि खिशाच्या मागे जाईपर्यंत मागे. छातीसमोर आडवे फिरणारे हात धड फिरवतात. मुठी आवळल्या की खांदे चढतात, खांदे चढले की मान ताठ होते. बोटं सैल ठेवायला सांगा, बाकीचं आपोआप सुटतं.

मैदानावर सगळ्यात जास्त ओरडलं जाणारं वाक्य म्हणजे 'पाय लांब टाक!' हेच सगळ्यात घातक आहे. पाय शरीराच्या पुढे पडला की प्रत्येक पाऊल ब्रेक मारतं, शिवाय हॅमस्ट्रिंगवर ताण येतो. पावलं लांब होतात ती जमीन जोरात मागे ढकलल्याने. त्याऐवजी 'जमीन ढकल' म्हणा.

सावधान: एका धावेला एकच सूचना. 'हात बघ, गुडघे वर, मान सरळ, चवड्यावर' असं एका दमात ऐकलेलं मूल पळत नाही, विचार करत बसतं. आणि आपण बिघडवतोय ही भावना त्याच्या मनात घट्ट बसते. आज हात, तर आज फक्त हात. बाकी दिसलं तरी गप्प राहा.

## ५. पहिले वीस मीटर

तिसऱ्या आठवड्यापासून. शंभर मीटर इथे घडतं आणि मुलं सर्वांत पटकन इथेच सुधारतात, त्यामुळे आत्मविश्वासाचं पहिलं खरं भांडवलही इथेच मिळतं.

सुरुवातीच्या तीन पद्धती वापरा:

- झुकून सुटणं: दोन्ही पाय एकत्र, शरीर ताठ ठेवून पुढे झुकायचं, तोल जातो तिथे पहिलं पाऊल. कंबरेत वाकायचं नाही, घोट्यातून झुकायचं.
- एक गुडघा टेकून: शिट्टीला उठून निघायचं.
- पोटावर झोपून: हात छातीजवळ. लहान गटाला हे फार आवडतं आणि शरीर आपोआप खालून वर येत जातं.

खो-खो खेळणाऱ्या मुलांचा इथे फायदा होतो. पाटीवरून उठून सुटणं ही उत्तम सुरुवात आहे. पण खो-खोचं मैदान २७ मीटर लांब आणि सतत वळणं. त्यामुळे ही मुलं दहा-पंधरा मीटर जबरदस्त जातात आणि पुढे वेग चढवायची सवयच नसते. त्यांना सहावा टप्पा जास्त लागतो.

चढ मिळाला तर आठवड्यातून एकदा घ्या. चालताना चढ जाणवेल पण दम लागणार नाही इतकाच. टेकडीचा खडा चढ नको, तिथे ढब मोडते. १५ मीटर वर पळायचं, चालत खाली यायचं.

किती? १४ वर्षांखालच्या मुलांना एका सरावात एकूण १२० ते २०० मीटर, मोठ्यांना २५० ते ३०० पर्यंत. ऐकायला अगदीच कमी वाटतं. पालक कधी कधी विचारतात, 'एवढंच? घाम पण नाही आला.' त्यांना विश्रांतीचा हिशेब सांगा: पूर्ण जोराच्या दर १० मीटरला साधारण एक मिनिट. २० मीटर पळालं तर दोन मिनिटं, ३० मीटरला तीन. अशा स्फोटक धावेला स्नायूंमध्ये साठलेलं जे इंधन लागतं, ते भरून यायला काही मिनिटं जातातच. ते भरायच्या आत पुन्हा पळवलं की दुसरंच काहीतरी वाढतं, वेग वाढत नाही.

मुलं उन्हात नुसती बसून कंटाळत असतील तर रांगेचा उपयोग करा. दहा जणांचा गट आणि दर अर्ध्या मिनिटाला एक जण सुटला, तर प्रत्येकाला आपोआप पाच मिनिटं मिळतात. मागचे व्हिडिओ घेतात, फ्रेम मोजतात, वहीत लिहितात.

थांबायचा नियम: त्या दिवसाच्या सर्वांत चांगल्या वेळेपेक्षा चार टक्क्यांहून जास्त घसरण दिसली की त्या मुलाचा वेगाचा सराव संपला. ३० मीटर ५.०० सेकंदांत आले असतील आणि आता ५.२० च्या वर जात असतील, तर पाणी पाज आणि घरी पाठव. 'अजून एक' मध्येच दुखापत होते.

## ६. पूर्ण वेग

सहाव्या आठवड्यापासून, आठवड्यातून एकदाच. २० ते ३० मीटर हळूहळू वेग चढवत यायचं, पुढचे २० मीटर पूर्ण वेग, मग सावकाश थांबायचं. चार-पाच धावा, प्रत्येकीनंतर चार-पाच मिनिटं.

सूचना 'जोर लाव' ही नको. जोर लावायला सांगितलं की दात आवळले जातात आणि पावलं जड होतात. 'उंच पळ, सैल पळ' सांगा. गाल हलताना दिसले पाहिजेत. व्हिडिओत एका फ्रेमवर थांबून बघा: पाय जमिनीला लागतो त्या क्षणी तो कंबरेखाली आहे की पुढे? मुलालाही दाखवा. शंभर वेळा सांगून न कळलेलं एका फ्रेममध्ये कळतं.

वेगाच्या दोन दिवसांमध्ये किमान ४८ तास ठेवा. आठवडा साधारण असा बसतो: सोमवारी पहिले वीस मीटर, बुधवारी ताकद आणि खेळ, शुक्रवारी पूर्ण वेग. ताकदीसाठी जिम नको. उठाबशा, पुढे पाऊल टाकून बसणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं, प्लँक (कोपर आणि चवड्यांवर शरीर ताठ धरून राहणं). १४ वर्षांच्या पुढे हॅमस्ट्रिंगसाठी: गुडघ्यावर उभं राहायचं, जोडीदाराने घोटे दाबून धरायचे, शरीर ताठ ठेवून हळूहळू पुढे जायचं आणि हातावर पडायचं. सुरुवातीला तीन-चारदाच, नाहीतर दोन दिवस चालता येणार नाही.

मुलींबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण ती टाळली जाते. वयात येताना बऱ्याच मुली ग्राउंड सोडतात आणि त्याचं कारण अनेकदा कपडे, टॉयलेट आणि बघणारी माणसं हे असतं. नीट बसणारी स्पोर्ट्स ब्रा, हवी असेल तर शॉर्ट्सखाली लेगिंग, बदलायला दार लागणारी खोली, आणि पाळीबद्दल बोलायला एक बाई शिक्षिका, हे सराव सुरू होण्याआधी ठरलेलं हवं. पाळीत पळायला बंदी नसते. त्रास होत असेल तर त्या दिवशी हलका सराव, कारण न विचारता. सतत दमणारी, फिकट दिसणारी मुलगी आळशी नसते, तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्या.

## ७. स्टार्ट

ब्लॉक आता. याआधी नाही.

कुठला पाय पुढे? लांब उडीत ज्या पायाने मूल उडतं तो बहुधा पुढच्या ब्लॉकवर चांगला बसतो, पण दोन्ही बाजूंनी १० मीटर मोजूनच ठरवा. अंतर मुलाच्या स्वतःच्या पावलाने, म्हणजे टाचेपासून अंगठ्यापर्यंतच्या लांबीने घ्या: रेषेपासून पुढचा ब्लॉक दोन पावलं, मागचा तीन पावलं. इथून सुरुवात करून बोटभर पुढे-मागे करत जा आणि जमलेलं माप वहीत लिहा.

'ऑन युअर मार्क्स': हात खांद्याएवढ्या अंतरावर, बोटं रेषेच्या मागे. रेषेला स्पर्शही नको.

'सेट': कंबर खांद्यांपेक्षा किंचित वर, खांदे हातांच्या थोडे पुढे. पुढचा गुडघा साधारण काटकोनात, मागचा १२० ते १३० अंशांत. दोन्ही टाचा ब्लॉकवर दाबलेल्या. आणि पूर्ण स्थिर.

बाजूला बसून बघा. कंबर फार वर गेली की पुढचा गुडघा सरळ होतो, ढकलायला कोनच उरत नाही आणि मूल तोंडावर पडल्यासारखं निघतं. कंबर फार खाली राहिली की आधी वर उठतं, मग पुढे जातं. दोन्ही चुका मुलाला स्वतःला जाणवत नाहीत. त्याच्या कंबरेच्या योग्य उंचीवर आडवी काठी धरा आणि 'सेट' म्हटलं की काठीला टेकायला सांगा. पाच-सहा वेळात शरीराला जागा कळते.

निघताना दोन्ही पायांनी ढकलायचं, पहिली सात-आठ पावलं नजर खाली, डोकं हळूहळू वर. शेजारचा कुठे आहे हे बघायला उचललेलं डोकं धडालाही वर घेऊन येतं आणि जोर तिथेच संपतो.

शाळेत ब्लॉक नसेल तर जोडीदाराने मागे पाय रोवून आपले बूट ब्लॉकसारखे धरावेत. हा सराव तसाही लागतो, कारण मातीच्या मैदानावर ब्लॉकचे खिळे हलतात किंवा ब्लॉकच मिळत नाहीत.

सावधान: जागतिक नियमात एकाच फॉल्स स्टार्टला (इशाऱ्याआधी सुटण्याला) धावपटू बाद होतो आणि यंत्र लावलेलं असेल तर आवाजानंतर ०.१ सेकंदाच्या आतली हालचालही फॉल्स धरतात. सरावात 'सेट' आणि शिट्टी यांतलं अंतर दर वेळी बदला, कधी दीड सेकंद, कधी तीन. एका तालात शिट्टी वाजवणारे सर मुलांना अंदाजाने सुटायला शिकवतात. कधी कधी 'सेट' म्हणून शिट्टीच वाजवू नका, सगळ्यांना उभं करा. स्थिर राहिलेल्याचं नाव घेऊन कौतुक करा.

## ८. शर्यतीची सवय

एकट्याने पळताना आलेला वेग शेजारी कुणी असलं की पळून जातो. त्याची सवय आठव्या आठवड्यापासून, तीही बेताने लावा.

पुढे सोडून पळवा. दोघांच्या ३० मीटरच्या वेळेत अर्ध्या सेकंदाचा फरक असेल, तर मागचा मुलगा साधारण ३ मीटर पुढे उभा राहील. आता दोघंही रेषेवर जवळजवळ एकत्र येतात. सावकाश मुलाला कुणीतरी पाठलाग करतंय याचा अनुभव मिळतो आणि वेगवान मुलाला समोर पाठ दिसत असताना सैल कसं राहायचं ते शिकावं लागतं. शाळेत नेहमी जिंकणाऱ्या मुलाला हे फार गरजेचं असतं. तो जिल्ह्याला पहिल्यांदाच कुणाच्या तरी मागे पडतो आणि तिथेच खचतो.

शंभर मीटरचे तीन शब्द ठरवा आणि तेच पाठ करा: ढकल, उंच, सैल. पहिले ३० मीटर ढकलायचं, मग उंच व्हायचं, शेवटचे ३० मीटर सैल राहायचं. शेवटी सगळेच मंदावतात. २००९ साली बर्लिनमध्ये ९.५८ सेकंदांचा विश्वविक्रम करताना उसेन बोल्टने ६० ते ८० मीटरचा तुकडा १.६१ सेकंदांत पार केला आणि शेवटचे २० मीटर १.६६ मध्ये. मुलाला हे सांगा. शेवटी पाय जड वाटले की ते घाबरतं, धडपडतं आणि आणखी मंदावतं. हे सगळ्यांचंच होतं हे माहीत असलं की ते धडपडत नाही.

'तू जिंकणारच' असं सांगू नका. ते मुलाच्या हातात नाही आणि त्यालाही ते कळतं. वहीचं पान उघडून दाखवा: जूनमध्ये ३० मीटर ५.३१, आता ५.०४. याच्याशी कुणी वाद घालू शकत नाही.

## ९. शेवटचा आठवडा आणि स्पर्धेचा दिवस

शेवटच्या आठवड्यात सराव निम्मा करा, वेग तोच ठेवा. दोन दिवस आधी तीन-चार स्टार्ट, बस. नवे स्पाइक्स घेतले असतील तर त्यात आधी किमान चार-पाच सराव झालेले हवेत. सिंथेटिक ट्रॅकवर ९ मिलिमीटरपेक्षा लांब खिळे चालत नाहीत, घरूनच तपासून न्या.

जेवण पळण्याच्या अडीच-तीन तास आधी आणि रोजचंच: पोहे, पोळी-भाजी, केळं. पिशवीत पाणी, टोपी, सेफ्टी पिना, ओळखपत्र, सुका टी-शर्ट, वही.

वेळापत्रक घसरणार हे धरून चला. सकाळी नऊची हीट (प्राथमिक फेरी) अकराला होते आणि साडेआठला वॉर्मअप करून घेतलेली मुलं तोवर मंडपात थंड पडलेली असतात. वॉर्मअप दोन भागांत करा: आल्यावर हलकं धावणं आणि ताणणं, आणि आधीचा गट पळायला गेला की ड्रिल आणि तीन चढत्या धावा. हीट आणि फायनलमध्ये मुलांना सावलीत बसवा, थोडं थोडं पाणी द्या आणि पुन्हा दहा मिनिटं वॉर्मअप घ्या.

लेनमध्ये गेल्यावर ब्लॉक वहीतल्या मापाने लावायचे, एक छोटा स्टार्ट काढून बघायचा, मग मागे उभं राहून एक लांब श्वास आणि तीन शब्द. वेळ धडाची घेतात, डोक्याची किंवा हाताची नाही. त्यामुळे छाती पुढे झुकवायची ती शेवटच्या पावलाला, आणि नजर रेषेच्या पाच मीटर पुढे.

पालकांना एकच विनंती: फिनिशजवळ उभं राहून ओरडू नका. मूल तुमचा आवाज ओळखतं आणि शेवटच्या दहा मीटरमध्ये मान वळवतं.

शर्यत झाल्यावर लगेच चुका सांगायच्या नाहीत, निकाल काहीही असो. पाणी द्या, चालायला लावा, जेवू द्या. दुसऱ्या दिवशी मुलाने आधी स्वतः वहीत तीन ओळी लिहायच्या: ढकल कसं झालं, उंच कुठे झालो, शेवटी सैल राहिलो का. मग व्हिडिओ एकत्र बघायचा आणि पुढच्या महिन्यासाठी एकच गोष्ट निवडायची. चार-पाच दिवस नुसते खेळ, आणि दोन आठवड्यांनी त्याच पट्ट्यावर, त्याच दिशेने, फोन त्याच जागी ठेवून ३० मीटर पुन्हा मोजायचे.